पहिली रेकॉर्ड आली की एकाच बँडचे चाहते का भांडतात?

गुरुवारची रात्र संपून शुक्रवार लागतो आणि रेकॉर्ड येते. वार ठरलेलाच, कारण जुलै 2015 पासून नवे अल्बम जगभर शुक्रवारीच आणायचे असा संगीत उद्योगाचा शिरस्ता आहे. बँड चौघांचा, वयं विशी-बाविशीची, ही त्यांची पहिलीच रेकॉर्ड, लांबी चाळीस मिनिटं. बारा वाजून वीस मिनिटांनी पहिला निकाल लागतो: "गेल्या दहा वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं." निम्मी रेकॉर्ड अजून ऐकायचीच आहे, पण निकाल लागला. पाच मिनिटांनी दुसरा म्हणतो, "डेमोच बरे होते," म्हणजे रेकॉर्डच्या आधीची कच्ची ध्वनिमुद्रणं. तिसऱ्याला ड्रम म्हणजे पत्र्याचा डबा बडवल्यासारखे वाटतात. चौथा म्हणतो ही सरळसरळ नक्कल आहे, आणि कुणाची तेही सांगतो. पाचवा तीन दिवस गप्प असतो आणि मग एवढंच म्हणतो की सातवं गाणं डोक्यातून जात नाहीये.

हे सगळे एकाच बँडचे चाहते. बाहेरचा माणूस म्हणेल, व्यक्ती तितक्या प्रकृती, सोडून द्या. मला ते पुरेसं वाटत नाही. आवडीनिवडी वेगळ्या असत्या तर हे पाच जण मुळात एका बँडभोवती जमलेच नसते. भांडणाचं मूळ दुसरीकडे आहे. प्रत्येक जण रेकॉर्ड कशाच्या तरी शेजारी ठेवून ऐकतोय, आणि ती शेजारची वस्तू प्रत्येकाची निराळी आहे. एकाच्या मनात गेल्या वर्षीची गिग, म्हणजे मंचावरचा कार्यक्रम, आहे, दुसऱ्याच्या फोनमध्ये जुना डेमो आहे, तिसऱ्याच्या डोक्यात पन्नास वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या बँडचा आवाज बसलाय.

पहिल्या रेकॉर्डच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण तिथे सगळ्यांना मान्य असलेलं मापच नसतं. दुसरी रेकॉर्ड आली की सगळे मुकाट्याने तिला पहिलीशी ताडून बघतात. पहिलीच्या आधी अधिकृत काहीच नसतं, म्हणून ज्याची त्याची फूटपट्टी. यातल्या एकेका फूटपट्टीकडे पाहू, म्हणजे "मजा नाही आली" या एका वाक्यात किती वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात ते कळेल.

"डेमोच बरे होते"

नव्या बँडचे सगळ्यात जुने चाहते सगळ्यात आधी नाराज होतात. याला निव्वळ आखडूपणा समजू नका. गाणं मंचावर असतं तेव्हा आणि स्टुडिओतून बाहेर पडतं तेव्हा त्यात खरोखरच बरंच काही बदललेलं असतं.

वेगापासून सुरू करू. गिगमध्ये ड्रमर अंगात आल्यासारखा वाजवतो आणि गाण्याचा वेग नकळत वाढतो. स्टुडिओत बहुतेक वेळा त्याच्या कानात 'क्लिक' असते, म्हणजे ठरलेल्या वेगाने टकटक करणारा ठोका, आणि त्याच्याशी इमान राखून वाजवावं लागतं. तीस वेळा गिगला ऐकलेलं गाणं रेकॉर्डवर "जरा झोपलेलं" वाटतं ते यामुळे. कधी कधी ते खरंच हळू झालेलं असतं. कधी वेग तेवढाच असतो, पण गिगमधली पुढे रेटणारी चढउतार निघून गेलेली असते आणि कान त्यालाच हळू म्हणतो.

मग वाद्यं वेगवेगळी रेकॉर्ड करण्याची पद्धत. मंचावर गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरतो, ड्रमचा गायकाच्या माइकमध्ये. तांत्रिक दृष्ट्या हा गोंधळच, पण चार जण एका खोलीत वाजवतायत ही भावना त्याच गोंधळातून येते. स्टुडिओत ड्रम आज, बेस उद्या, गिटार परवा असं केलं की प्रत्येक वाद्य काचेसारखं स्वच्छ ऐकू येतं आणि एकत्र ऐकताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

ओअॅसिस या ब्रिटिश बँडच्या पहिल्या रेकॉर्डची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 1994 च्या सुरुवातीला त्यांनी वेल्समधल्या मॉनो व्हॅली स्टुडिओत ती रेकॉर्ड केली आणि स्वतःच ऐकून हबकले. गिगमध्ये अंगावर येणारा आवाज टेपवर पार पातळ झाला होता. मग कॉर्नवॉलमधल्या सॉमिल्स स्टुडिओत बहुतेक सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं, या वेळी सगळे एकत्र वाजवत होते आणि वाद्यांमध्ये आडोसे ठेवले नव्हते. तरीही समाधान होईना, तेव्हा टेपा ओवेन मॉरिस या साउंड इंजिनिअरच्या हाती दिल्या. त्याने वरवर चढवलेले गिटारचे कित्येक थर काढून टाकले आणि उरलेला आवाज मुद्दाम प्रचंड मोठा केला. 29 ऑगस्ट 1994 ला 'डेफिनेटली मेबी' आली आणि ब्रिटनमध्ये तोवरची सगळ्यात वेगाने खपलेली पदार्पणाची रेकॉर्ड ठरली. टाकून दिलेली मॉनो व्हॅलीची ध्वनिमुद्रणं 2024 मध्ये, तिसाव्या वर्षानिमित्त, बँडने अधिकृतपणे बाहेर आणली. तीच गाणी, तीच माणसं, आणि तरी ऐकताना दोन बँड वाटावेत इतका फरक.

आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. 1979 मध्ये त्यांनी स्वतःच्या डेमोच्या 5,000 प्रती काढल्या होत्या, आणि चाहत्यांनी त्या टपालाने मागवून घेतल्या. एप्रिल 1980 मध्ये पहिली पूर्ण रेकॉर्ड आली, ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली, पण तिच्या ध्वनीबद्दल बँडचा प्रमुख स्टीव्ह हॅरिस पुढे वर्षानुवर्षं तक्रार करत राहिला. गंमत अशी की चाहत्यांमधला एक गट नेमका त्याच कच्च्या, खरखरीत आवाजावर जीव टाकतो. बनवणाऱ्याला जी चूक वाटते ती ऐकणाऱ्याला स्वभाव वाटू शकते.

याउलट टोक म्हणजे बीटल्स. निर्माता जॉर्ज मार्टिन आधी कॅव्हर्न क्लबमध्येच, म्हणजे ते नेहमी वाजवायचे तिथेच, जाऊन त्यांचा कार्यक्रम रेकॉर्ड करावा या विचारात होता. ते जमलं नाही, तेव्हा 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात स्टुडिओत 10 गाणी उरकली. आधीच्या दोन सिंगल्सची, म्हणजे दोन-दोन गाण्यांच्या छोट्या तबकड्यांची, 4 गाणी जोडून 14 गाण्यांची रेकॉर्ड 22 मार्चला दुकानात आली. जॉन लेननला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून घसा फाडून गायचं गाणं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, आणि तो फाटलेला आवाज अजूनही ऐकू येतो. आजचा कुठलाही शहाणा निर्माता त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलावेल. बरं झालं तेव्हा दुसरा दिवस मिळाला नाही.

डेमोवरच्या प्रेमाला रेकॉर्डिंगच्या धंद्यात एक गमतीदार नाव आहे, 'डेमोआयटिस'. हा आजार चाहत्यांआधी बँडलाच होतो. सहा महिने एकच डेमो ऐकून ऐकून त्यातली चुकलेली नोटसुद्धा गाण्याचा भाग वाटायला लागते, आणि ती दुरुस्त केली की गाणंच मोडल्यासारखं वाटतं. आर्क्टिक मंकीज हा बँड घ्या, ते गिगला आलेल्या लोकांना डेमोच्या सीडी फुकट वाटायचे. लोकांनी ती गाणी इंटरनेटवर टाकली, आणि रेकॉर्ड यायच्या आत प्रेक्षक शब्दन् शब्द म्हणत होते. जानेवारी 2006 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात 3,63,735 प्रती खपली. एवढ्या लोकांपैकी डेमो पाठ असलेल्यांना ती 'बदललेली' आणि बाकीच्यांना 'नवी' वाटली असेल, तर त्यात नवल काय?

तुम्ही ते कशावर ऐकलंत?

हा प्रश्न विचारला की भांडणातला निम्मा धूर निघून जातो, असा माझा अनुभव आहे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झला वाजते. फोनचा चिमुकला स्पीकर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. मेंदू वरच्या स्वरांवरून बेसचा अंदाज बांधतो खरा, पण अंगाला जाणवणारा धक्का मिळत नाही. "बेस गायबच केलाय" असं ठामपणे सांगणाऱ्याने रेकॉर्ड फोनवर ऐकली असण्याची शक्यता मी तरी आधी धरतो.

आवाज किती मोठा ठेवलाय यानेही रेकॉर्ड बदलते. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोघांनी 1933 मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी केला की आपल्या कानाला खर्जाचे स्वर बाकीच्या स्वरांपेक्षा जास्त वेगाने ऐकू येईनासे होतात. रॉकची गिग 100 डेसिबलच्या आसपास किंवा वर असते. घरी शेजाऱ्यांच्या धाकाने आपण त्याच्या कितीतरी खाली ऐकतो. तेव्हा "गिगसारखी मजा नाही" यातला काही भाग बँडचा दोष नसून कानाच्या रचनेचा आहे. तिथे छातीवर आदळणारा ड्रम होता, घरी तो फक्त कानात आहे.

आणि मग कंप्रेशन. सोप्या भाषेत, गाण्यातला मोठा आवाज दाबायचा आणि मग सगळंच वर उचलायचं, म्हणजे कुजबुज आणि किंकाळी जवळजवळ सारख्या उंचीवर येतात. पहिल्यांदा ऐकताना असं गाणं दमदार वाटतं, कारण दोन आवृत्त्यांमधली जरा मोठ्याने वाजणारी आवृत्ती आपल्याला सहसा जास्त चांगली वाटते. चाळीस मिनिटांनी मात्र थकवा येतो, आणि का थकलो ते सांगता येत नाही. "पहिली तीन गाणी भारी, मग कंटाळा" या तक्रारीमागे कधी कधी गाणी नसतात, हा थकवा असतो. चाहत्यांना हे कळत नाही असं समजू नये. मेटॅलिका या बँडची 2008 ची रेकॉर्ड पदार्पणाची नव्हती, पण उदाहरण चपखल आहे. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात होती. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून फरक पकडला आणि रेकॉर्ड पुन्हा मिक्स करा, म्हणजे आवाजांची जुळणी नव्याने करा, म्हणून हजारोंनी सह्या केल्या.

कितव्यांदा ऐकताय?

रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये एक साधी गोष्ट प्रयोगाने दाखवली. लोकांना निरर्थक शब्द, न कळणारी चिनीसारखी अक्षरं, अनोळखी चेहरे दाखवले, काही एक-दोनदा, काही पंचवीसपर्यंत. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त आवडलं. अर्थ, उपयोग, सौंदर्य कशाचाही संबंध नव्हता, नुसती ओळख पुरली. त्याला थोडी मुरड घालणारं काम पुढे डॅनिएल बर्लाइन यांनी केलं. त्यांच्या मते आवड ओळखीबरोबर चढत जाते, एका टप्प्यावर शिगेला पोहोचते आणि मग उतरते. साधं गाणं लवकर चढतं, लवकर उतरतं. गुंतागुंतीचं उशिरा चढतं.

आता रेकॉर्डच्या रात्रीकडे परत या. हल्ली अल्बमच्या आधी तीन-चार गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, सोडलेली असतात. चाहत्याने ती प्रत्येकी चाळीस वेळा ऐकलीत, उरलेली सहा एकदा. आणि तो निकाल देतो, "सिंगल्स जबरदस्त, बाकी फिलर," म्हणजे नुसती भरती. अहो, बाकीची अजून नीट ऐकली कुठे आहेत? बँडनेही त्यातल्या त्यात पटकन चढणारी गाणीच सिंगल म्हणून निवडलेली असतात, त्यामुळे पहिल्या रात्री हा सामना सुरू व्हायच्या आधीच एकतर्फी झालेला असतो. माझ्यापुरतं सांगायचं तर 'फिलर' हा शब्द पहिल्या आठवड्यात वापरायचा नाही असं मी ठरवलंय, आणि दर वेळी मोडलंय.

गाणं ओळखीचं झालं की नेमकं काय सुखावतं याचाही काहीसा शोध लागलाय. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूत डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन कुठे आणि केव्हा स्रवतं ते पाहिलं. उत्कट क्षणाला ते स्रवलंच, पण तो क्षण येण्याआधी, नुसत्या त्याच्या चाहुलीने, मेंदूच्या दुसऱ्या एका भागातही स्रवलं. रॉकच्या श्रोत्याला हे समजावून सांगायला नको. कोरस, म्हणजे गाण्याचं ध्रुवपद, यायच्या आधी ड्रम एका ठोक्यापुरते थांबतात, तेव्हा पोटात जे होतं तेच हे. पण ती चाहूल लागायला पुढे काय येणार ते माहीत हवं. पहिल्यांदा ऐकताना आपल्याकडे फक्त रॉक संगीताचे सर्वसाधारण अंदाज असतात, या गाण्याचे नसतात. पाचव्यांदा असतात. म्हणून तीन दिवस गप्प राहिलेल्या त्या पाचव्या चाहत्याचं सातव्या गाण्याबद्दलचं एक वाक्य मला पहिल्या रात्रीच्या शंभर निकालांपेक्षा वजनदार वाटतं.

बाजारालाही कधी कधी असाच वेळ लागतो. गन्स अँड रोझेसची पहिली रेकॉर्ड 21 जुलै 1987 ला आली आणि अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत शिरली ती 182 व्या क्रमांकावर. पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर कुणी निकाल दिला असता तर प्रकरण तिथेच संपलं होतं. दौरे, एमटीव्हीवर फिरणारे व्हिडिओ, तोंडोतोंडी पसरलेलं नाव, असं करत ऑगस्ट 1988 मध्ये, म्हणजे एका वर्षाने, ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली. रेकॉर्ड तीच होती, एक सूरही बदललेला नव्हता.

शेजारच्याला काय वाटलं

आतापर्यंत आपण एकटा ऐकणारा माणूस धरला होता. प्रत्यक्षात चाहता एकटा कधीच नसतो, आणि इथे एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तो जणू या विषयासाठीच केलेला आहे.

मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी 2006 मध्ये तो प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी घेतली आणि इंटरनेटवरून आलेल्या 14,341 लोकांना ती ऐकायला, गुण द्यायला आणि हवी तर उतरवून घ्यायला दिली. काही लोकांना फक्त गाण्यांची आणि बँडची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' वाटलं होतं, आणि तिथे आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवलं ते दिसत होतं. आठही जगं शून्यापासून सुरू झाली, गाणी तीच, आणि एका जगाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

निकाल असा, की आठ जगांत आठ वेगळे विजेते निघू शकत होते. एकट्याने ऐकणाऱ्यांनी ज्या गाण्याला 48 पैकी 26 वा, म्हणजे अगदी मधला, क्रमांक दिला होता, ते एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या एका जगात चाळिसावं. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी योगायोगाने ते उचललं की पुढचे त्याच वाटेने गेले. जिथे उचललं नाही तिथे ते पडून राहिलं. लोकप्रियतेचे आकडे जितके ठळक दाखवले तितकी ही दरी वाढली.

याचा अर्थ दर्जाला काहीच किंमत नाही असा मात्र होत नाही, आणि हे लोक सांगायचं विसरतात. सगळ्यात चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सगळ्यात वाईट क्वचितच वर आली. नशिबाचा खेळ चालला तो मधल्या गाण्यांत. आणि बहुतेक तरुण बँडची पहिली रेकॉर्ड कुठे बसते? मध्येच. दोन-तीन लखलखीत गाणी, दोन-तीन बऱ्यापैकी, एखादं उगाच लांबलेलं. अशा रेकॉर्डचं पहिल्या तासात पाच-सहा ठाम आवाजांनी काय केलं, यावर तिची सुरुवातीची पत ठरते. पाच मुखांनी परमेश्वर बोलतो म्हणतात, पण इथे पहिल्या मुखाचं ऐकूनच बाकीची चार बोललेली असतात.

"आमचा बँड"

चाहता म्हणतो "आपण काय भारी रेकॉर्ड केलीय!" त्याने काय केलंय त्यात? रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये अमेरिकन विद्यापीठांत पाहिलं की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात. आणि जिंकलेल्या सामन्याबद्दल "आपण जिंकलो" म्हणणारी मंडळी हरलेल्या सामन्याबद्दल बोलताना "आपण" जरा कमीच वापरतात. बँडच्या बाबतीतही कान देऊन ऐका. रेकॉर्ड आवडली की "आपण", नाही आवडली की "त्यांनी".

छोट्या बँडच्या चाहत्याची अडचण आणखी खोल आहे. मॅरिलिन ब्रूअर यांनी 1991 मध्ये मांडलेला विचार इथे चांगला लागू पडतो: माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात, कुणाचं तरी असणं आणि चारचौघांपेक्षा वेगळं असणं. चाळीस माणसांच्या गिगला जाणारा चाहता दोन्ही मिळवतो. टोळी आहे, आणि टोळी लहान आहे. रेकॉर्ड आली आणि गाजली की टोळीचा बाजार होतो. मग तो म्हणतो, "विकले गेले." बऱ्याचदा रेकॉर्डमध्ये विकलं जाण्यासारखं काहीच नसतं. त्याची जागा गेलेली असते, आणि ते दुःख खरं असतं, फक्त त्याचा पत्ता चुकीचा टाकलेला असतो.

याच्याच शेजारी 'नक्कल' हा आरोप येतो, आणि तो सरसकट मोडीत काढता येत नाही. विशीतला बँड आपल्या दैवतांसारखाच वाजणार, दुसरं शिकायला वेळ कुठे मिळालाय? पण किती, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या मिशिगनचा ग्रेटा व्हॅन फ्लीट हा तीन भाऊ आणि एक मित्र असा तरुण बँड. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांची पहिली पूर्ण लांबीची रेकॉर्ड आली. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने तिला दहापैकी 1.6 गुण दिले, आणि लेड झेपेलिन या पन्नास वर्षांपूर्वीच्या मोठ्या बँडशी असलेलं साम्य हाच टीकेचा मुख्य रोख होता. त्याच आठवड्यात ती बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली, आणि पुढच्या फेब्रुवारीत बँडला आधीच्या छोट्या संग्रहासाठी सर्वोत्तम रॉक अल्बमचं ग्रॅमी मिळालं. एकाच्या कानाला साम्य म्हणजे चोरी, दुसऱ्याच्या कानाला तेच साम्य म्हणजे "अखेर कुणीतरी असं वाजवतंय". आणि ज्या सोळा वर्षांच्या पोराने झेपेलिन ऐकलेलंच नाही, त्याच्या लेखी हे सगळं पहिल्यांदाच घडतंय. त्याला चूक ठरवणं मला जमत नाही.

खुद्द लेड झेपेलिनच्या पहिल्या रेकॉर्डचं काय झालं होतं? 1969 मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाने तिला झोडपलं होतं. 2003 मध्ये त्याच मासिकाने सर्वकालीन 500 अल्बमची यादी काढली, तेव्हा ती 29 व्या क्रमांकावर होती. यावरून आज झोडपलेली प्रत्येक रेकॉर्ड उद्या महान ठरेल असा निष्कर्ष काढू नका, झोडपलेल्यांपैकी बहुतेक झोडपण्याच्याच लायकीच्या असतात.

मग बँडने यातलं काय मनावर घ्यावं?

एखाद्या तरुण बँडने मला विचारलं तर मी सांगेन, ज्या वाक्यात गाण्याचं नाव आणि जागा आहे ते आधी वाचा. "मजा नाही" यातून काही हाती लागत नाही. "चौथ्या गाण्यात कोरसला गिटार येते आणि गाणाऱ्याचे शब्द बुडतात" हे एका माणसाने म्हटलं तर लक्ष द्या, ओळखदेख नसलेल्या तिघांनी म्हटलं तर मिक्स करणाऱ्याला फोन लावा. "ड्रम पत्र्यासारखे" म्हणणाऱ्याला आधी कशावर ऐकलं ते विचारा. "डेमो बरे होते" म्हणणाऱ्याला विचारा, कोणता डेमो आणि त्यातलं काय? वेग सांगितला, आवाजातला खरखरीतपणा सांगितला, तर त्याचं म्हणणं कामाचं आहे. नुसतं "ती जादू" म्हणाला तर त्याला पुढच्या गिगचं तिकीट द्या आणि सोडून द्या.

गिगला मात्र लक्ष ठेवा. रेकॉर्ड येऊन तीन महिने झाले की कोणत्या गाण्याला मागच्या रांगेतले लोकही ओठ हलवतात ते मंचावरून दिसतं. ते गाणं पुष्कळदा सिंगल नसतं. पहिल्या रात्री ज्याला सगळ्यांनी फिलर म्हटलं होतं त्यातलंच एखादं असतं, आणि तेव्हा कोण काय म्हणालं होतं हे कुणालाही आठवत नसतं. दोन वर्षांनी दुसरी रेकॉर्ड येईल, गुरुवारची रात्र संपेल, आणि बारा वाजून पंचवीस मिनिटांनी तोच डेमोवाला म्हणेल, "पहिलीची सर नाही."